17 ची रँक आणि आमचे सर

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

चारचौघांत कौतुक केलेलं तुम्हाला चालत नाही, तरी हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असंच लिहितेय. दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात राहून एलिप्टिक कर्व्हवर (y² = x³ + ax + b सारख्या समीकरणांच्या वक्रांवर) एम.एस्सी.चा प्रोजेक्ट करायचा, तर अडलं की विचारायचं कोणाला, हा प्रश्न मला रोजच पडायचा. मला तुम्ही भेटलात. कशी मदत केलीत, ते इथल्या पोरापोरींना कळायलाच हवं.

प्रश्न दहावीच्या मुलालाही समजेल असा. काटकोन त्रिकोणाच्या तिन्ही बाजू पूर्णांक किंवा अपूर्णांक असाव्यात आणि क्षेत्रफळ 17 यावं, असं होतं का? 6 साठी 3, 4, 5 आहेच. 41 साठी बाजू 40/3 आणि 123/20, कर्ण 881/60. n साठी असा त्रिकोण तेव्हाच असतो, जेव्हा y² = x³ − n²x या वक्राची रँक शून्याहून जास्त असते. रँक म्हणजे, ज्यांच्यापासून वक्रावर नवे नवे अपूर्णांकी बिंदू न संपता मिळत राहतात, असे एकमेकांपासून स्वतंत्र बिंदू किती. मी वापरत होते त्या प्रोग्रॅमने 41 ची रँक 2 दाखवली, ती बरोबरच. पण 17 चीही 2 दाखवली, आणि 17 चा त्रिकोण तर काही केल्या सापडेना. ज्याला विचारावं तो म्हणे, आकडे मोठे असतील, शोधत राहा. तेही खोटं नव्हतं. 157 च्या सगळ्यात साध्या त्रिकोणातही वीसहून जास्त अंकी अंश-छेद आहेत. त्यामुळे शंका तरी कशावर घ्यायची?

तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "मशीन म्हनते म्हून मानू नको. मोजून पाहू." वेचणीचे दिवस होते, ओसरीवर कापसाची गाठोडी पडलेली. तिथेच बसून जिनिंगच्या काटापावतीमागे तुम्ही दोन समीकरणं लिहिलीत: 2x² + y² + 32z² = 17 आणि 2x² + y² + 8z² = 17. पूर्णांकांत किती उत्तरं येतात ते मोजायचं, ऋण संख्या धरून. गणितज्ञ टनेल यांनी 1983 मध्ये दाखवलं की 17 सारख्या विषम, वर्गमुक्त (1 सोडून कोणत्याही वर्गसंख्येने भाग न जाणाऱ्या) संख्येचा त्रिकोण असेल, तर पहिली मोजणी दुसरीच्या बरोबर निम्मी येते. आपल्याला पहिल्याची 4 उत्तरं मिळाली, दुसऱ्याची 16. निम्मे 8 हवे होते. त्रिकोण नाही, रँक शून्य! लगेच तुम्ही मला 41 मोजायला लावलंत. 16 आणि 32. आणि हेही बजावलंत, की निम्मी आली म्हणजे त्रिकोण असतोच, ही उलट बाजू बर्च आणि स्विनर्टन-डायर यांच्या, अजून सिद्ध न झालेल्या अनुमानावर टेकलेली आहे. निम्मी आली नाही तर त्रिकोण नाही, हे मात्र पूर्ण सिद्ध आहे.

मग प्रोग्रॅम. तुम्हाला कोडिंग येत नाही, म्हणून तुम्ही मला कोड मोठ्याने वाचायला सांगितलंत आणि डोळे मिटून ऐकत राहिलात. एका ओळीवर हात वर केलात. आतलं फंक्शन दोन आकडे परत देत होतं, रँक निदान किती आणि जास्तीत जास्त किती. 17 साठी ते 0 आणि 2 होते. बाहेरचा प्रोग्रॅम खालचा आकडा टाकून देई आणि वरचा 'रँक' म्हणून छापी. 41 ला दोन्ही आकडे 2, त्यामुळे तिथे चूक दिसणंच शक्य नव्हतं. 17 च्या वक्राला मात्र टेट-शाफारेविच गट आडवा येतो: बिंदूंसारखं वागणारं, पण बिंदू नसलेलं काहीतरी, जे 2-डिसेंट या रँकची मर्यादा काढायच्या पद्धतीला खऱ्या बिंदूंपासून वेगळं काढता येत नाही. ती पद्धत 2 ही वरची मर्यादा देते, यात तिचा काही दोष नाही. मर्यादेला उत्तर म्हणणं हा बग होता.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना 17 आणि 41 ही दोन्ही उदाहरणं पाठवली. आता तो दोन्ही मर्यादा दाखवतो आणि जुळल्या नाहीत तर रँक छापतच नाही. सर, ही दुरुस्ती तुमची आहे. तुमचं नाव द्यायला तुम्ही नको म्हणालात, म्हणून इथेही लिहीत नाही, पण मनापासून आभार मानल्याशिवाय राहवत नाही. काकूंचेही, त्या सगळ्या हिशेबात चहा त्यांनीच पुरवला.

संक्रांतीनंतर येते. 8 ने भागल्यावर 1 उरणाऱ्या पुढच्या मूळ संख्या 73, 89 आणि 97. तिन्हींची मोजणी करून आणते, तुम्ही तपासून द्या.

तुमची विद्यार्थिनी