पोचला का पोरगा गावात?

सोलापूर,
गड्डा यात्रेनंतरचा रविवार

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तू दिलेलं रॉबर्ट जॉर्डनच्या कादंबरीमालिकेचं पहिलं पुस्तक, 'द आय ऑफ द वर्ल्ड', काल रात्री दोनला संपलं. साडेसातशेच्या वर पानं, अकरा रात्री लागल्या. तू म्हणाला होतास, "पहिली शंभर पानं कशीतरी काढ, मग पळतंय." मला तर तीच जास्त आवडली बे! गोष्टीतल्या गावात हिवाळा हटत नाही, लांडगे जवळ आलेत, तरी लोक सणाची वाट बघतायत. शोभेची दारू येणार, गोष्टी सांगणारा येणार, फेरीवाला येणार. इकडे होम मैदानावर गड्ड्याचे पाळणे उभे राहत होते. दारूकाम बघायला आपण दुपारपासून जागा धरून बसायचो, आठवतं? ते गाव असं मनात बसलं, म्हणून सणाच्या आदल्या रात्री ट्रॉलॉक, म्हणजे अर्धे जनावर असलेले राक्षस, येऊन घरं पेटवतात तेव्हा माझ्या पोटात कालवलं.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टोल्किनची सावली आहे, खरंय. जॉर्डननं सुरुवात मुद्दाम तशी ठेवली होती. पण सहावं प्रकरण त्याचं स्वतःचं आहे. गोष्टीचा नायक रँड, त्याचा बाप जखमी, तापानं फणफणलेला. रँड दोन दांड्यांना घोंगडी बांधतो, त्यावर बापाला घालतो आणि रात्रभर जंगलातून ओढत गावाकडे निघतो. रस्त्यावरून ट्रॉलॉक जातायत, म्हणून झाडीतूनच. आणि बाप तापात बरळतो, की हे मूल मला डोंगरउतारावर बर्फात सापडलं. रँडला ते ऐकू येतं, तरी तो ओढत राहतो.

तिथं मी पुस्तक मिटलं. अप्पांना ताप चढला होता ती मे महिन्यातली रात्र तुला माहीत आहे. रिक्षा मिळेना. त्यांना स्कूटरवर मागे बसवलं आणि घसरू नयेत म्हणून चादरीनं माझ्या पाठीशी बांधलं. पूर्वभागातून दवाखान्यापर्यंत त्यांचं कपाळ माझ्या मानेला चटके देत होतं आणि ते सारखं म्हणत होते, "धोटा अडकलाय, माग बंद कर." तीस वर्षं यंत्रमागावर काढलेला माणूस, तापातही कारखान्यातच होता.

म्हणून या पुस्तकातलं काळाचं चक्र मला लगेच भिडलं. युगं फिरून फिरून येतात, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण इथं ते चक्र जगाचं कापड विणतं आणि माणसं म्हणजे त्यातले दोरे. चाक सूत कातेल, विणायला माग लागतो, एवढं मात्र मला जॉर्डनला सांगायचं होतं. ते राहिलं, 2007 साली तो गेला. मालिकेचे शेवटचे तीन भाग त्याच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसननं पुरे केले. एकूण 14, म्हणजे अजून 13 बाकी.

शेवट मला घाईचा वाटला. इतकी पानं चालवत नेलं आणि मग सगळं भराभर उरकलं. यावर आपण भांडू. दुसरा भाग तुझ्याकडे असेल तर लगेच पाठव. मी शेंगाचटणी आणि कडक भाकरी पाठवतोय.

आज सकाळी अप्पांना जंगलातली गोष्ट सांगितली. चहा तसाच ठेवून ऐकत होते. दांड्या कशा बांधल्या, गाठ कुठली मारली, सगळं विचारलं. मूल सापडलेलं होतं, त्याबद्दल एक शब्द नाही. मग म्हणाले, "पोचला का पोरगा गावात?"

पोचला म्हणालो. तेव्हा कुठं त्यांनी कप उचलला.

तुझाच