फेरफाराच्या पडद्याची आधी आकृती काढा : महसूलमंत्र्यांना खुले पत्र

मा. महसूल मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची, नोंद आता संगणकावर होते, हे स्वागतार्ह आहे. मात्र गेल्या पावसाळ्यात एका तलाठी कार्यालयात माझ्या फेरफारासाठी बसलो असता, तेथील कर्मचारी पडद्याशेजारी एक शंभरपानी वही ठेवून कोणाला नोटीस बजावली आणि मुदत कधी संपते हे हाताने टिपत असल्याचे मला दिसले. ती वही म्हणजे सॉफ्टवेअर बनवताना राहून गेलेल्या गोष्टींची यादीच होय.

माणूस आणि यंत्र यांच्यातील व्यवहार आधी आकृतीत मांडला असता, तर ही उणीव कागदावरच दिसली असती. साधा फ्लोचार्ट येथे अपुरा पडतो, कारण तो एकामागून एक पायऱ्या दाखवतो. फेरफारात मात्र नोटिशीची १५ दिवसांची मुदत चालू असते, त्याच वेळी हरकत येऊ शकते आणि तलाठी पंचनाम्यासाठी शिवारात असतो. अशा समांतर कामांसाठी जर्मन संगणकशास्त्रज्ञ कार्ल आडाम पेट्री यांनी १९६२ च्या आपल्या प्रबंधात पाया घातलेली पेट्री जाळी ही आकृतीची पद्धत उपयोगी पडते. तिच्यात वर्तुळे म्हणजे स्थिती, आडव्या रेघा म्हणजे कृती आणि वर्तुळातला ठिपका म्हणजे ती अट पूर्ण झाल्याची खूण. रेघेकडे येणाऱ्या प्रत्येक वर्तुळात ठिपका असल्याशिवाय ती कृती घडत नाही. मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करणे ही एक रेघ मानली, तर नोटीस बजावली, मुदत संपली आणि हरकत नाही, ही तिच्याकडे येणारी तीन वर्तुळे. अर्ज अडला की कोणते वर्तुळ रिकामे आहे, एवढे पडद्याने सांगावे. हरकत आली असल्यास प्रकरण गाव नमुना ६-अ कडे, म्हणजे वादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीकडे, वळलेले दिसावे.

वीज गेल्यावर अर्धवट भरलेला अर्ज पुन्हा पहिल्या रकान्यापासून भरावा लागणे हा दोष त्याहून किरकोळ वाटेल, पण दिवसभर तो सोसणाऱ्याला विचारावे. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड हॅरेल यांच्या १९८७ च्या अवस्था-आकृत्यांमध्ये, म्हणजे यंत्रणा कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत जाते हे दाखवणाऱ्या आकृत्यांमध्ये, काम जेथे थांबले तेथूनच पुन्हा सुरू व्हावे हे दाखवायला एक स्वतंत्र चिन्ह आहे.

विनंती एवढीच की, यापुढील प्रत्येक निविदेत अशा आकृत्या तलाठी व मंडळ अधिकारी यांच्या शेजारी बसून काढण्याची, त्या मराठीत जाहीर करण्याची आणि सॉफ्टवेअरची चाचणी त्यांच्याच आधारे घेण्याची अट घालावी. त्या काढताना ती शंभरपानी वही मात्र आवर्जून मागून घ्यावी.

आपला विश्वासू,
एक खातेदार