गाठ ट्रेमध्ये किती वेळ पडून होती?

प्रिय मेधा,

स्तनाच्या कॅन्सरमध्ये औषध कुणाला लागू पडत नाही हे गाठीतल्या प्रथिनांवरून शोधायचा तुझा आराखडा येऊन दीड महिना झाला आणि माझ्याकडून साधी पोचही नाही. रागावली असशील, हक्क आहे तुझा. पाठ आता बरी आहे, तो विषय संपला. आराखडा तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा एकाच ओळीवर अडकले: ‘उपचाराआधीची कोअर बायोप्सी आणि उपचारानंतर शस्त्रक्रियेत काढलेली गाठ यांतल्या प्रथिनांची तुलना.’

अगं, या दोन नमुन्यांत फरक फक्त औषधाचा नाही. कोअरचा तुकडा काडीएवढा, सुईतून निघाला की मिनिटाभरात फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या द्रवात. गाठीचा रक्तपुरवठा मात्र ती बाहेर यायच्या आधीच तुटलेला असतो. मग ती ट्रेमध्ये पडते, मग कुणीतरी तिला न कापता अख्खीच डब्यात बुडवतं. फॉर्मॅलिन तासाला सुमारे एक मिलिमीटर आत शिरतं असं धरलं, तर मधल्या भागाचं काय होत असेल सांग. फॉस्फो-एकेटी, फॉस्फो-ईआरके ही फॉस्फेट लागलेली संदेशवाहक प्रथिनं एवढा वेळ थांबत नाहीत. पेशीतलं एटीपी, म्हणजे तिचं इंधन, संपतं, फॉस्फेट लावणारी एन्झाइमं थंडावतात, काढणारी मात्र चालूच राहतात. तू लिहिणार ‘औषधाने हा मार्ग दाबला’, आणि औषधाचा एक थेंबही न घेतलेल्या बाईच्या गाठीत तीच घट दिसणार. ज्यांची गाठ पटकन बुडवली त्यांच्यात सिग्नल टिकणार, आणि त्यांना आपण ‘औषधाला न जुमानणाऱ्या’ म्हणून मोकळ्या होणार. मला खरी धास्ती याची आहे.

म्हणून दोन्ही वेळा कोअरच घे. नाही जमलं, तर औषध न दिलेला एक गट ठेव आणि त्यांचेही दोन्ही नमुने घे. पोएटिक या स्तनाच्या कॅन्सरच्या औषधचाचणीत असा गट होता: काहींना शस्त्रक्रियेआधी दोन आठवडे अरोमाटेज इनहिबिटर (इस्ट्रोजेन बनू न देणारं औषध), काहींना काहीच नाही. त्यामुळे तिथल्या केआय-67, म्हणजे विभागणाऱ्या पेशींची खूण असलेल्या प्रथिनातल्या घटीवर विश्वास ठेवता येतो.

केआय-67 म्हटलं की किती टक्क्यांच्या वर तो ‘जास्त’ धरायचा यावरचं तुझं 14 आणि माझं 20 आठवतं. नंदाने मध्ये पडून चहा केला नसता तर त्या दिवशी आपण बोलणंच टाकलं असतं! आता बघ, 5 टक्के किंवा कमी आणि 30 टक्के किंवा जास्त एवढेच आकडे भरवशाचे, असं तज्ज्ञांचा गटच म्हणतो. दोघी हरलो. पण संप्रेरकरोधी उपचारात दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा मोजून तो 10 टक्क्यांच्या वर राहिला, तर औषध पेशींना आवरत नाहीये, ही खूण अजून उपयोगाची आहे.

दुसरी गोष्ट तुझ्या यादीत कुठेच नाही. केमोने ज्यांची गाठ पूर्ण विरघळली त्यांच्याकडे ‘नंतरचा’ नमुनाच नसतो. सगळ्यात चांगला प्रतिसाद देणाऱ्या तुलनेतून आपोआप गळतात. थोडी उरलेल्यांच्या तुकड्यात कॅन्सरच्या पेशी कमी आणि वण जास्त. तो तसाच प्रथिनं मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरला दिलास, तर ‘प्रतिसादाचं प्रथिन’ म्हणून वणातलं कोलॅजेन हाती येईल. आधी स्लाइड बघ, पेशींचा भाग खरवडून घे, टक्केवारी लिही.

आता आरबी, पेशींच्या विभागणीवर पहारा ठेवणारं प्रथिन. पाल्बोसायक्लिब हे औषध सीडीके 4/6 या एन्झाइमांना रोखतं ते आरबीचा पहारा टिकावा म्हणून. पहारेकरीच नसेल तर औषध राखणार काय? पण ‘आरबी गेलं’ म्हणायची घाई नको. स्लाइडवर गाठीच्या पेशींकडे वळण्याआधी शेजारच्या केशवाहिनीचं अस्तर बघ. तिथल्या चपट्या केंद्रकांत आरबी दाखवणारा तपकिरी रंग उमटलाय आणि कॅन्सरची केंद्रकं निळीच आहेत, तरच गेलं. दोन्हीकडे निळं असेल तर स्टेनच लागलेला नाही, ती स्लाइड मोजणीतून काढ. पीटीईएन या प्रथिनालाही हाच नियम.

एचईआर2 या पेशीच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनासाठी कोणती अँटिबॉडी (त्याला चिकटून ते दाखवणारी) वापरणार हे लिहिलंच नाहीस. ट्रास्टुझुमॅब हे औषध या प्रथिनाच्या बाहेरच्या भागाला धरतं. पी95 या तुटक्या रूपात तो भागच नसतो. आपली नेहमीची 4बी5 आतल्या टोकाला चिकटते, म्हणून स्लाइडवर झकास 3+, म्हणजे सर्वांत गडद रंग, दिसूनही औषधाला धरायला जागा नसू शकते. बाहेरच्या भागाला चिकटणारी एसपी3 जोडीला लाव, दोन्हींतली तफावत बघ.

हाडातले नमुने आम्लात डीकॅल्सिफाय केलेले, म्हणजे कॅल्शियम काढलेले, असतील तर ‘ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर) हरवलं’ असं लिहू नकोस, आम्लानेच खाल्लं असेल. आम्लाऐवजी ईडीटीए वापरायला सांग, वेळ लागला तरी.

बाकी नेहमीचंच: सगळे रेझिस्टंट (औषधाला न जुमानणारे) नमुने एकाच दिवशी चालवायचे नाहीत, मिसळून चालवायचे. कटऑफ, म्हणजे सीमारेषेचा आकडा, ज्या रुग्णांवर ठरवला त्यांच्यावरच तपासायचा नाही. सरांचा तो प्रश्नही लक्षात ठेव: हे प्रथिन औषध लागू पडणार नाही हे सांगतंय, की आजार मुळातच वाईट आहे एवढंच? औषध न घेतलेल्यांशी ताडल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

शस्त्रक्रियेच्या खोलीत एक कागद चिकटव, त्यावर तीन वेळा लिहायच्या: रक्तवाहिनी बांधली कधी, गाठ बाहेर आली कधी, फॉर्मॅलिनमध्ये गेली कधी. शेवटच्या दोन वेळांत तासापेक्षा जास्त अंतर नको. पाच मिलिमीटरचे काप करून बुडवायची, फॉर्मॅलिन दहापट, मुरणं 6 ते 72 तास. फॉस्फोप्रथिनांसाठी तासभरही फार झाला, तिथे वेगळा कोअर लगेच द्रव नायट्रोजनमध्ये. आणि कापून ठेवलेल्या कोऱ्या स्लाइड सहा आठवड्यांपेक्षा जुन्या नकोत.

नव्या घरात लागलीस का? ईशानची परीक्षा झाली असेल, त्याला शाबासकी सांग. आईंना नमस्कार.

आणि उत्तर सविस्तर नको, एवढंच कळव: तुझ्याकडच्या मेणात जपलेल्या जुन्या ब्लॉकांपैकी कितींच्या नोंदीत वेळ लिहिलेली आहे?

तुझी,
शुभा