आठवड्यातून वीस मिनिटं द्याल का?

सस्नेह नमस्कार.

मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे शाळांना कुलपं लागली तेव्हा दोन-तीन आठवड्यांचा प्रश्न आहे असंच बहुतेकांना वाटलं होतं. एप्रिलमध्ये युनेस्कोने आकडा दिला तो जगभरातल्या दीडशे कोटींहून जास्त विद्यार्थ्यांचा. आपल्या वाचनालयाच्या बालविभागातली मुलंही त्यातलीच. पुस्तकं घरपोच देण्याच्या निमित्ताने त्यांच्याशी आणि पालकांशी बोलणं होतं. पहिले काही महिने मुलं "कंटाळा येतो" म्हणायची. आता म्हणतात, "मला जमतच नाही." कंटाळ्याची आम्हाला एवढी काळजी नव्हती. हे दुसरं मात्र गंभीर आहे.

असं का झालं असावं? वर्गात शेजारच्याची वही दिसते. त्याचंही गणित अडलंय, त्यानेही दोनदा खोडलंय, हे न सांगता कळतं. ऑनलाइन वर्गात पडद्यावर फक्त नावांचे चौकोन दिसतात. उत्तर देणारी तीच चार-पाच मुलं बोलतात आणि बाकीच्या प्रत्येकाला वाटतं की आपण सोडून सगळ्यांना येतंय. मग कॅमेरा बंद होतो, नाव पुकारलं की नेट जातं (खरंच जातं किंवा घालवलं जातं), आणि गृहपाठ कुठून तरी उतरवून पाठवला जातो. हा आळस नाही. चुकलो तर सगळ्यांना दिसेल या भीतीतून मुलाने काढलेली ही वाट आहे.

मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये मांडलं होतं, की 'हे मला जमेल' हा विश्वास मुख्यतः चार गोष्टींतून येतो: स्वतः केलेलं काम तडीस जाणं, आपल्यासारख्या दुसऱ्याला ते जमताना पाहणं, कुणी तरी धीर देणं, आणि मन-शरीर शांत असणं. त्यांतली पहिली सर्वांत बळकट. महामारीने या चारही गोष्टींना धक्का लावला. म्हणूनच प्रेरणादायी व्याख्यानं ठेवण्याच्या ज्या सूचना आल्या, त्या आम्ही नम्रपणे बाजूला ठेवल्या आहेत. तासभर टाळ्या वाजवून अपूर्णांकांची बेरीज येत नाही, आणि ती येत नाही तोवर आत्मविश्वासही येत नाही.

मग काय करायचं? आफ्रिकेतल्या बोट्स्वाना देशात शाळा बंद असताना हजारो कुटुंबांवर एक साधा प्रयोग झाला. काही घरी दर आठवड्याला गणितं मेसेजने पाठवली, काही घरी मेसेजसोबत फोनही केला. नुसत्या मेसेजचा फारसा उपयोग झाला नाही. फोन केला त्या घरांतल्या मुलांचं गणित सुधारलं. तो फोन साधारण वीस मिनिटांचा असे. इटलीत 2020 मध्येच विद्यापीठातल्या स्वयंसेवक विद्यार्थ्यांनी परिस्थितीने मागे पडलेल्या शाळकरी मुलांना आठवड्यातून काही तास ऑनलाइन शिकवलं. मुलांचा अभ्यास तर सुधारलाच, त्यांची मनःस्थितीही सुधारली.

आम्हाला हेच करायचं आहे. एका मुलामागे एक मोठं माणूस, आठवड्यातून एक ठरलेला फोन. शिक्षकी पेशाची अट नाही. पदवीधर, निवृत्त, कॉलेजात शिकणारे, कुणीही चालेल. मात्र किमान तीन महिने सांभाळता येणार असेल तरच नाव द्या. दोन फोन करून गायब झालेला ताई-दादा न आलेल्यापेक्षा वाईट, कारण मूल त्याचा दोष स्वतःकडे घेतं.

फोन कसा करायचा हे आम्ही एका बैठकीत सांगू. मुख्य गोष्ट अशी, की इयत्ता बघायची नाही, मुलाला जे येतं तिथून सुरुवात करायची. सहावीतल्या मुलीला भागाकार येत नसेल तर वजाबाकीपर्यंत मागे जायचं, त्यात लाज नाही. "अगं, सोपं तर आहे" हे वाक्य टाळायचं. सोपं असूनही येत नाही म्हटल्यावर मूल आणखी खचतं. "शाब्बास" म्हणताना कशाबद्दल ते सांगायचं. भावंडांशी, मित्रांशी तुलना नको. फोन नेहमी पालकांच्या नंबरवर, त्यांना माहीत असलेल्या वेळीच होईल.

वेळ नसेल तर वस्तू द्या. चालू स्थितीतला जुना मोबाइल, चार्जरसकट. देण्याआधी त्यातली स्वतःची माहिती पुसून टाका. रिचार्जसाठी देणगीही चालेल, कारण अनेक घरांत एकच फोन आहे आणि तो दिवसभर कामावर जातो. रोख आणि ऑनलाइन, दोन्हींची पावती मिळेल, हिशेब दर महिन्याला फलकावर लागेल. कोऱ्या वह्याही लागतील. शब्दकोश मात्र आता पुरेत, कपाट भरलंय.

नावनोंदणी वाचनालयाच्या कार्यालयात, सकाळच्या वेळात. येणं शक्य नसेल तर एखाद्या सभासदाकडे चिठ्ठी पाठवा. तीत आपली सोयीची वेळ आणि कोणता विषय घ्याल एवढं लिहा. गणित घेणाऱ्यांची सर्वांत जास्त गरज आहे.

आपली,
वाचनालयाची कार्यकारिणी