रविवारचं कोडं : पेट्यांमधले आंबे

मंडळी, आपला स्प्रेडशीटचा (एक्सेलसारख्या संगणकावरच्या हिशोबाच्या तक्त्यांचा) गट येत्या रविवारी दुपारी ४ वाजता रत्नागिरीत, नेहमीच्या खोलीत भेटतोय. विजेचा भरवसा नाही, लॅपटॉप घरूनच चार्ज करून आणा.

या वेळचं कोडं आपल्या हापूसच्या हिशोबातलं. शीटच्या एका रकान्यात खाली खाली लिहिलंय : ५ डझन, ६ डझन, ४ डझन. सम (बेरजेचं फंक्शन) लावलं की उत्तर शून्य! आकड्याला शब्द चिकटला की शीट ते सगळं मजकूर धरते. वहीत हे चालून जातं, इथे नाही. तर एकाच फॉर्म्युल्यात एकूण फळं काढायची, मदतीला दुसरा रकाना घ्यायचा नाही. लेफ्ट (मजकुराची डावीकडची अक्षरं काढून देणारं फंक्शन) आणि फाइंड (एखादं अक्षर कितव्या जागी आहे ते सांगणारं) यांनी सुरुवात करा, मग सम्प्रॉडक्ट (गुणाकार करून त्यांची बेरीज देणारं) आठवा. उत्तर १८० यायला हवं. शीटमध्ये आकडे मात्र इंग्रजीच टाइप करा.

नवीन सभासदांनी साडेतीनलाच यावं. दलालीचा टक्का एका सेलमध्ये (शीटच्या एका चौकटीत) असतो आणि फॉर्म्युला खाली ओढला की त्यातला त्या सेलचा संदर्भही खाली सरकतो. एफ-४ ही कळ दाबून डॉलरचं चिन्ह ($) लावायचं आणि तो संदर्भ जागेवर बसवायचा, एवढंच आधी शिकू. हे एकदा हातात बसलं की निम्मी भीती जाते, दर वेळी पाहतोय.

उत्तर सापडलं तरी रविवारपर्यंत ग्रुपवर टाकू नका. बाकीच्यांनाही डोकं खाजवू द्या.