दाहाबोनहून आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, मागच्या फोनवर तुम्ही विचारलंत, "तू हैतीत आहेस की नाहीस, एकदाचं काय ते सांग." तेवढ्यात आईने माझ्या जेवणाचा विषय काढला आणि तुमचं उत्तर राहून गेलं. म्हणून हे पत्र.

राहते डोमिनिकन रिपब्लिकमध्ये, कामाला जाते हैतीत. दोन्ही देश हिस्पानिओला नावाच्या एकाच बेटावर आहेत. पश्चिमेकडचा साधारण एक तृतीयांश भाग हैतीचा, बाकीचा डोमिनिकन. मधल्या हद्दीवर अगदी उत्तरेला दाहाबोन हे माझं गाव, नदीपलीकडे वानामेंत हे हैतीचं गाव. आमचा कपड्यांचा कारखाना पलीकडच्या काठावर आहे. नकाशात संगमनेरवर बोट ठेवा आणि सरळ पश्चिमेकडे न्या. आफ्रिका आणि अटलांटिक ओलांडून ते जवळजवळ आमच्या गल्लीतच येईल, दोन्ही गावं साडेएकोणीस अंशांच्या आसपास आहेत. हिवाळ्यात आणखी एक गंमत होते. हैती घड्याळ तासभर मागे घेतं, डोमिनिकन लोक घेत नाहीत. मग घरून आठला निघाले तरी कारखान्यात सव्वासातलाच पोचते.

तुम्ही टीव्हीवर टोळ्या, गोळीबार बघता तो बहुतेक राजधानीच्या, पोर्टोप्रिन्सच्या भागातला. ती इथून लांब, डोंगरांपलीकडे दक्षिणेला आहे. हे तुमची समजूत काढायला म्हणत नाहीये. इथेही बंदूकधारी सैनिक आहेत आणि सीमेवर भिंत बांधली जातेय. तिचं काम 2022 मध्ये सुरू झालं. पण रोजचा दिवस बाजारहाट आणि गर्दीतच जातो.

बाबा, इतिहास तुमच्या आवडीचा, म्हणून जरा लांबण लावते. एका बेटाचे दोन देश झाले त्याची सुरुवात एका सरकारी हुकुमाने झाली. सगळं बेट स्पेनचं होतं. या उत्तर किनाऱ्यावरचे लोक डच, फ्रेंच, इंग्रज अशा कोणाशीही चोरून व्यापार करायचे. तो थांबवायला 1605-06 मध्ये स्पेनच्या गव्हर्नरने इथली वस्तीच उठवली, घरंदारं जाळली आणि लोकांना पूर्वेकडे हाकललं. गुरं रानात मोकाट राहिली. त्यांच्या शिकारीला फ्रेंच शिकारी आणि चाचे आले, ते ठाण मांडूनच बसले. पुढे फ्रेंचांनी तिथे गुलामांच्या जिवावर ऊस पिकवून अफाट पैसा केला. 1777 मध्ये स्पेन आणि फ्रान्सने करार करून हद्द ठरवली, तेव्हा या टोकाला खूण म्हणून हीच नदी धरली. गुलामांनी बंड करून 1804 मध्ये हैती स्वतंत्र केला. डोमिनिकन लोकांचा स्वातंत्र्यदिन मात्र 1844 चा, आणि ते स्वतंत्र झाले ते स्पेनपासून नव्हे, हैतीपासून! आधीची बावीस वर्षं अख्खं बेट हैतीच्या ताब्यात होतं. ते दुखणं शाळेच्या पुस्तकांतून अजून जिवंत ठेवलंय, असं माझं मत.

नदीचं नाव मासाक्रे, म्हणजे कत्तल. ते पडलं अठराव्या शतकात, स्पॅनिशांनी इथे फ्रेंच शिकाऱ्यांना मारलं तेव्हा. खरी मोठी कत्तल नंतरची, ऑक्टोबर 1937 ची. त्रुहियो नावाचा डोमिनिकन हुकूमशहा याच गावात एका समारंभात सीमाभागातल्या हैतियन लोकांविरुद्ध उघड बोलला, आणि त्याच्या सैनिकांनी बायकापोरांसकट हजारो माणसं कोयत्यांनी कापली. आकड्यावर एकमत नाही, काही अंदाज वीस हजारांच्याही वर जातात. हैतीला द्यायची भरपाई साडेसात लाख डॉलर ठरली, ती पुढे घासाघीस करून सव्वापाच लाखांवर आली. हे वाचलं त्या संध्याकाळी मी नदीवर गेले होते. उन्हाळ्यात पाणी इतकं कमी की माणसं चप्पल हातात घेऊन पलीकडे जातात. पोरं पोहत होती, बायका कपडे धूत होत्या.

आता बाजार. दर सोमवारी आणि शुक्रवारी सकाळी फाटक उघडतं आणि हैतीकडून पुलावर लोंढा येतो. डोक्यावर गाठोडी, पुढ्यात हातगाड्या. डोमिनिकन लोक अंडी, केळी, पीठ, बर्फ विकतात. हैतीकडून लसूण, बूट आणि गठ्ठेच्या गठ्ठे जुने कपडे येतात. अंड्यांचे ट्रे एकावर एक रचून, सुतळीने आवळून डोक्यावर घेऊन जाणारी बाई बघितलीत तर आई, तुझा श्वास अडकेल. जुने कपडे अमेरिकेतून येतात. सवयीने मी एका शर्टाची कॉलर उलटून शिवण बघत होते, तर आतल्या लेबलवर लिहिलेलं: हैतीत शिवलेला. म्हणजे इथल्याच कुणीतरी शिवला, अमेरिकेत कुणीतरी वापरून टाकला, आणि आता शिवणारणीच्या शेजारणीला विकायला आलाय. शिवण शाबूत होती, हे मात्र अभिमानाने सांगते.

हा बाजार कधी बंद पडेल याचा नेम नसतो. 2023 मध्ये वानामेंतच्या शेतकऱ्यांनी नदीचं पाणी शेतीला घ्यायला अर्धवट राहिलेला कालवा पुन्हा खणायला घेतला, तर सप्टेंबरमध्ये डोमिनिकन अध्यक्षांनी सगळी सीमाच बंद केली. दोन देशांमधल्या 1929 च्या कराराचा आधार दोघेही आपापल्या परीने घेत होते. महिन्याभराने इकडचं फाटक व्यापारापुरतं उघडलं, तर रागाने हैतीवाल्यांनी आपलं लावून ठेवलं! लोक मात्र वर्गणी काढून, कुदळी-फावडी घेऊन खणत राहिले. निळवंडे धरणाच्या कालव्यांची वाट बघण्यात तुमची उमेद गेली बाबा, तुम्ही कोणाची बाजू घ्याल ते मला माहीत आहे. मीही तिकडचीच.

एक गोष्ट मात्र बघवत नाही. कागदपत्रं नसलेल्या हैतियन लोकांना डोमिनिकन शिपाई धरून जाळीच्या ट्रकमधून पुलावर आणून सोडतात. 2024 च्या ऑक्टोबरपासून आठवड्याला दहा हजारांपर्यंत माणसं परत पाठवायचं सरकारने जाहीर केलंय. त्यातली काही माणसं इकडेच जन्मलेली असतात. माझा पासपोर्ट बघून तोच शिपाई हसून "पुढे जा" म्हणतो.

आई, जेवणाचं म्हणशील तर साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो इथे ढिगाने मिळतो. तो उकडून खातात, त्याच्या कडक भाकऱ्याही करतात. उपासाला चालेल की नाही ते तूच ठरव.

नोकरीचा करार संपेपर्यंत इथेच थांबायचं ठरवलंय, आधी परत ये म्हणू नका. सोमवारी-शुक्रवारी फोन करू नका, पुलावरच्या गलक्यात काही ऐकू येत नाही. रविवारी तुमच्या संध्याकाळी साडेसातला करा, तेव्हा माझ्याकडे सकाळचे दहा असतात. आणि बाबा, रक्तदाबाची गोळी बदललीये का, ते आईला बोलू द्या, तुम्ही सांगू नका.

तुमची,
लेक