प्रार्थनेचा अर्धाच हिशेब

संपादक महोदय,

‘प्रार्थनेने रुग्ण बरे होतात, विज्ञानाचेही शिक्कामोर्तब’ हा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. शिक्का कोणी मारला, तेवढे मात्र कळले नाही.

१९८८ च्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या अभ्यासावर लेखकाने अख्खा रकाना खर्चला आहे. ३९३ हृदयरुग्ण, जवळपास निम्म्यांसाठी प्रार्थना आणि त्यांना त्रास कमी. पण तपासलेल्या २६ बाबींपैकी सहांतच फरक दिसला होता, मृत्यूंच्या प्रमाणात नव्हे. आणि २००६ चा अमेरिकी डॉक्टर हर्बर्ट बेन्सन यांचा मोठा अभ्यास कुठे गडप झाला? बायपासचे १८०२ रुग्ण, सहा रुग्णालये. आपल्यासाठी प्रार्थना होते की नाही हे ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांच्यात प्रार्थना झालेले ५२ आणि न झालेले ५१ टक्के गुंतागुंतीत सापडले. ‘नक्की होणार’ असे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यात ५९ टक्के!

योगायोग असेलही, पण मला नवल वाटले नाही. माझ्या भावाच्या बायपासच्या आदल्या संध्याकाळी आमचे एक नातलग खाटेवर वाकून म्हणाले, “घाबरू नकोस, दीडशे माणसं तुझ्यासाठी प्रार्थनेला बसलीत.” भाऊ तोवर मजेत शब्दकोडे सोडवत होता. त्याने पेन्सिल ठेवली आणि मला हळूच विचारले, “एवढं वाईट आहे का गं?” रात्रभर त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही. पुढे जखम चिघळली, मुक्काम लांबला, तेव्हा हेच गृहस्थ मला ऐकवून गेले, “तुमचीच श्रद्धा कमी पडली.” बरे वाटले की श्रेय प्रार्थनेचे, नाही वाटले की खापर आमच्या माथी!

मी नास्तिक नाही. रोज हात जोडते, त्याने मन थाऱ्यावर येते आणि मला तेवढे पुरते. गीतेने आर्तालाही, म्हणजे संकटात धावा करणाऱ्यालाही, भक्तांत जागा दिली आहे. पण देवाची परीक्षा पाहू नये, असे बायबलही बजावते. मग निम्मे रुग्ण देवापुढे ठेवून ‘आता दाखव करून’ म्हणणारे हे भाविक कुठले?

त्याच लेखाला खेटून ‘हमखास इच्छापूर्ती’ यंत्राची जाहिरात होती. हाही दैवी योगच म्हणायचा!

खुलासा छापणार असाल, तर त्याच पानावर, तेवढ्याच टायपात छापा. मागचा खुलासा हवामानाच्या तक्त्याखाली शोधावा लागला होता.

– एक जुनी वाचक